हॉटेलांची साखळी आणि निष्ठेचे नाणे

विषयाचे नाव वाचून ह्या व्याख्यानमालेच्या नेहमीच्या श्रोत्यांपैकी काहींच्या कपाळाला आठी पडली असेल. एका वृद्ध स्नेह्यांनी तर दारातच गाठून विचारले की, जुने कागद सोडून तुम्ही हॉटेलांकडे कसे वळलात? उत्तर असे की, आम्ही वळलो नाही. आम्हांस वळविण्यात आले.

काही वर्षांपूर्वी शिकागो विद्यापीठाच्या रेगन्स्टाइन ग्रंथालयातील मराठी पुस्तके पाहण्यासाठी चार दिवस त्या शहरी राहण्याचा योग आला. आमचा भाचा तिकडे नोकरीस आहे. कंपनीच्या कामासाठी वर्षातील पन्नासेक रात्री तो हॉटेलात काढतो आणि त्या प्रत्येक रात्रीमागे त्याच्या नावावर हॉटेलच्या साखळीचे काही पॉइंट जमा होतात. तो म्हणाला, “मामा, चार रात्री फुकट आहेत. एक पैसा काढायचा नाही.” फुकट हा शब्द ऐकल्यावर मराठी माणसाने अधिक चौकशी करावी, अशी रीत नाही. आम्ही गेलो. हॉटेल विमानतळाजवळ होते आणि ग्रंथालय शहराच्या दक्षिण भागात. आगगाडी, मग बस, मग थोडी पायपीट, असे जाण्यास पावणेदोन तास आणि येण्यास तितकेच. जुनी पुस्तके पाहावयाचे दालन पाचाच्या सुमारास मिटे. चार दिवसांत आमचे वाचन जेमतेम दोन दिवसांचे झाले. शेवटच्या दिवशी कळले की, ग्रंथालयापासून पायी पंधरा मिनिटांवर एक नीटनेटके हॉटेल होते. पण ते दुसऱ्या साखळीचे. आमच्या भाच्याने ते पाहिलेच नव्हते. पाहण्याचे त्यास कारणच नव्हते, कारण त्याचे पॉइंट तेथे चालत नव्हते. माणूस हुशार आहे, हिशेबी आहे. तरी शहराच्या नकाशावरील अर्धी हॉटेले त्याच्या डोळ्यांस दिसेनाशी झाली होती. हे कसे झाले, ह्याचा शोध घ्यावा म्हणून आम्ही ह्या इतिहासात शिरलो.

मुळात साखळी कशासाठी जन्मली, हे आधी पाहिले पाहिजे. परक्या गावी उतरणाऱ्याची पहिली चिंता विश्वासाची असते. खोली स्वच्छ असेल का, बिछान्यात ढेकूण नसतील ना, सकाळी बिल वाढवून तर मांडणार नाहीत? आपल्याकडे ह्या चिंतेवर उपाध्यायांचा तोडगा होता. नाशिक-त्र्यंबकेश्वरास गेलेला यात्रेकरू आपल्या कुळाच्या तीर्थोपाध्यायांकडे उतरे आणि ते नामावळी उघडून त्याच्या पणजोबांची नोंद दाखवीत. अमेरिकेसारख्या नव्या देशात पणजोबांची नोंद कोठून असणार? तेथे ते काम पाटीवरच्या नावाने केले.

एल्सवर्थ स्टॅटलर ह्या गृहस्थाने १९०८ साली बफेलो शहरात हॉटेल उघडले आणि दीड डॉलरमध्ये खोली व न्हाणीघर, अशी त्याची जाहिरात केली. प्रत्येक खोलीला स्वतंत्र न्हाणीघर ही त्या काळी श्रीमंती चैन होती. स्टॅटलरची करामत अशी की, दोन खोल्यांची न्हाणीघरे त्याने पाठीला पाठ लावून बांधली आणि दोहोंचे नळ एकाच उभ्या पोकळीतून नेले. खर्च कमी झाला. दाराशेजारी दिव्याचे बटण, सकाळी दाराशी वर्तमानपत्र, अशा लहान सोयींची त्याने प्रत्येक शहरात पुनरावृत्ती केली. एका गावातील अनुभव दुसऱ्या गावी हमी म्हणून चालू लागला, हे त्याचे खरे श्रेय.

कॉनरॅड हिल्टनची गोष्ट अधिक रंगतदार आहे. १९१९ साली तो टेक्सासमधील सिस्को ह्या गावी बँक विकत घ्यावयास गेला. ऐनवेळी मालकाने किंमत वाढविली, तेव्हा रागावून तो रात्रीच्या निवाऱ्यासाठी समोरच्या मोब्ली हॉटेलात शिरला. तेलाच्या विहिरींमुळे गावात इतकी गर्दी होती की, खाटा आठ-आठ तासांच्या पाळीने दिल्या जात होत्या. हिल्टनने बँकेचा नाद सोडला आणि हॉटेलच विकत घेतले. बँक घ्यावयास निघालेल्या ह्या माणसाच्या साखळीने पुढे चलन पाडावे, हा योगायोग आम्हांस मोठा मौजेचा वाटतो. शिकागोचे पामर हाऊस आणि त्या काळचे तीन हजार खोल्यांचे स्टीव्हन्स हॉटेल ही दोन्ही त्याने १९४५ साली घेतली. १९५४ साली तर स्टॅटलरची सबंध साखळीच अकरा कोटी दहा लक्ष डॉलरांना पदरात पाडली.

तिसरा पुरुष केमन्स विल्सन. १९५१ साली पाच मुलांना घेऊन तो मोटारीने वॉशिंग्टनला निघाला. वाटेतील मोटेलवाले दर मुलामागे दोन डॉलर जादा मागत. संतापून त्याने १९५२ साली मेम्फिस येथे पहिले ‘हॉलिडे इन’ काढले. मुलांना आकार नाही, हा तेथला नियम. पुढे हेच नाव इतर भांडवलदारांना ठराविक रकमेवर वापरावयास देऊन त्याने शेकडो हॉटेले उभी केली. म्हणजे पाटी एकाची, इमारत दुसऱ्याची. ही गोष्ट श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी; पॉइंटांच्या प्रकरणी ती पुन्हा उपयोगी पडेल. अमेरिकेतील कितीतरी हॉटेलांच्या ह्या इमारती आज आपल्या गुजराती बांधवांच्या, विशेषतः पटेल मंडळींच्या, मालकीच्या आहेत.

मात्र ‘सर्वांस सारखी खोली’ हे ब्रीद दीर्घकाळ सर्वांसाठी नव्हते. कृष्णवर्णीय प्रवाशाला अनेक हॉटेलांची दारे बंद असत. हार्लेममधील टपाल खात्याचा कर्मचारी व्हिक्टर ग्रीन ह्याने १९३६ पासून, त्यांना कोठे उतरता येईल ह्याची पुस्तिका काढली आणि ती १९६६-६७ पर्यंत निघत राहिली. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने असा मज्जाव बेकायदा ठरविला. त्याविरुद्ध अटलांटाच्या एका २१६ खोल्यांच्या मोटेलचा मालक सर्वोच्च न्यायालयात गेला आणि त्याच वर्षी १४ डिसेंबरला हरला. हॉटेल निवडण्याचे स्वातंत्र्य ही वस्तू किती उशिरा आणि किती झगडून मिळाली, हे विसरून पुढच्या गोष्टीकडे वळणे बरे नव्हे.

आता पॉइंटांकडे वळू. त्यांची आजी म्हणजे व्यापारी तिकिटे. स्पेरी आणि हचिन्सन ह्या दोघांनी १८९६ साली अमेरिकेत कंपनी काढली. ही कंपनी हिरवी तिकिटे छापून दुकानदारांना विकी. दुकानदार ती गिऱ्हाइकाला खरेदीच्या प्रमाणात देई. गृहिणी ती वहीत चिकटवी आणि वही भरली की तिच्या बदल्यात इस्त्री किंवा दिवा घेऊन येई. तिकिटाचा खर्च अखेर मालाच्या किमतीतच असे, हे तिला ठाऊक नसे असे नाही. पण वहीची चार पाने रिकामी असताना दुसऱ्या दुकानात जाववत नसे. मनुष्यस्वभावाचे हे मर्म त्या दोघांनी अचूक हेरले.

तिकिटांवरून पॉइंटांवर येण्यास दोन गोष्टी व्हाव्या लागल्या. एक, संगणक. हॉलिडे इनने १९६५ साली संगणकावर खोल्या राखून ठेवण्याची पद्धत सुरू केली. त्यामुळे कोण, कोठे, किती रात्री उतरला हे एका जागी दिसू लागले. दुसरी, स्पर्धा. १९७८ साली अमेरिकन सरकारने विमानकंपन्यांच्या भाड्यांवरील नियंत्रण उठविले आणि कंपन्या एकमेकींची गिऱ्हाइके पळवू लागल्या. १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने, जितके मैल उडाल तितके खात्यावर जमा, अशी योजना काढली. हॉलिडे इन व मॅरियट ह्यांनी १९८३ साली आणि हिल्टनने १९८७ साली तोच कित्ता गिरविला.

ह्यातील खरी मेख कोणती? प्रवास करी नोकर, पैसे भरी कंपनी आणि पॉइंट जमत नोकराच्या नावावर. साहजिकच कंपनीला दोन पैसे कमी पडतील असे हॉटेल शोधण्यापेक्षा आपले पॉइंट वाढतील असे हॉटेल शोधण्याकडे नोकराचा कल झाला. आमच्या जुन्या भाषेत ह्यास दस्तुरी म्हणत. अशा कमाईवर कर मागणार नाही, असे अमेरिकन करखात्याने २००२ साली जाहीर केले, तेव्हा ह्या दस्तुरीवर जणू राजमान्यतेचा शिक्काच बसला.

पुढे पॉइंट मिळविण्यास प्रवासाचीही गरज उरली नाही. बँका साखळ्यांकडून पॉइंट घाऊक भावाने विकत घेऊ लागल्या आणि आपल्या क्रेडिट कार्डांवर खर्च करणाऱ्यांस वाटू लागल्या. म्हणजे साखळी ही टांकसाळ झाली. ह्याचा पुरावा २०२० साली मिळाला. साथीमुळे हॉटेले ओस पडली, पामर हाऊसलाही काही काळ कुलूप लागले. तेव्हा त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये हिल्टनने अमेरिकन एक्सप्रेसला एक अब्ज डॉलरांचे पॉइंट आगाऊ विकून रोकड उभी केली. खोल्यांना गिऱ्हाईक नव्हते, पण खोल्यांच्या वचनाला होते.

टांकसाळ म्हटली की बट्टा आलाच. पेशवाईत एकाच बाजारात नाना टांकसाळींचे रुपये चालत आणि सराफ ते पारखून, कस कमी असेल त्यावर बट्टा कापी. तेथे निदान नाण्यात चांदी होती. ती वितळवून तोलता येई. पॉइंटात चांदी नाही. त्याचा कस म्हणजे, त्याच्या बदल्यात साखळी किती पॉइंटांना कोणती खोली देईल, एवढेच. पूर्वी ह्याचे छापील तक्ते असत: अमुक वर्गाचे हॉटेल, अमुक पॉइंट. हिल्टनने २०१७ साली आणि मॅरियटने मार्च २०२२ मध्ये असे तक्ते बंद केले. खोलीच्या भावाप्रमाणे पॉइंटही चढू-उतरू लागले. धन्याने कस बदलला तर दाद मागावी कोणाकडे? योजनेच्या नियमांत, हे नियम आम्ही केव्हाही बदलू, असे कलम असतेच.

मघा सांगितलेली पाटी आणि इमारत ह्यांची फारकत येथे पुढे येते. पॉइंटांवर आलेल्या पाहुण्याबद्दल साखळी इमारतीच्या मालकाला काही रक्कम देते. हॉटेल बहुतेक भरलेले असेल तर ती बाजारभावाच्या जवळ असते, एरवी बरीच कमी. म्हणून मोक्याच्या दिवसांत पॉइंटांवरची साधी खोली ‘शिल्लक नाही’ आणि महागडी मात्र भरपूर, असा चमत्कार प्रवाशाच्या प्रत्ययास येतो. त्यात दर वेळी लबाडीच असते असे आम्ही म्हणत नाही. मालकालाही आपले कर्ज फेडावयाचे असते.

मग पॉइंट वापरूच नयेत काय? तसे आमचे म्हणणे नाही. फक्त सराफाप्रमाणे पारखावे. समजा, शिकागोच्या मध्यवस्तीत एका रात्रीचे भाडे सर्व करांसह २४० डॉलर आहे आणि तीच खोली ६०,००० पॉइंटांना मिळते. तर एका पॉइंटाचे मोल चार दशांश सेंट पडले. दुसऱ्या हॉटेलात १८० डॉलरांच्या खोलीस तितकेच पॉइंट मागत असतील, तर तेथे ते तीन दशांशावर आले; तेथे रोख द्यावे, पॉइंट राखावेत. भाडे धरताना कर अवश्य मिळवावा, कारण अमेरिकन शहरांत तो जबर असतो आणि पॉइंटांच्या रात्रीवर बहुधा लागत नाही. सोयीशुल्क म्हणून जो निराळा आकार लावतात, तो काही साखळ्या पॉइंटवाल्यांस माफ करतात, काही करीत नाहीत. तेवढे विचारून घ्यावे. मॅरियटमध्ये पाच रात्री पॉइंटांवर घेतल्यास एकीचे पॉइंट सुटतात. चारच रात्री राहणाऱ्यास हे ठाऊक नसेल तर तो उगाच ठकतो. पण ह्या सगळ्या त्रैराशिकाआधी नकाशा उघडावा आणि आपले काम कोठे आहे तेथे बोट ठेवावे. आम्ही ते केले नाही. रोज साडेतीन तासांचा प्रवास हा आमच्या ‘फुकट’ खोलीचा बट्टा होता आणि तो कोणत्याही पावतीवर छापलेला नव्हता.

आणखी एक किंमत आहे. तिचा उल्लेख करून आम्ही थांबतो. नामावळी लिहिणाऱ्या उपाध्यायांजवळ कुळाची नावे असत. ह्या साखळ्यांजवळ पाहुण्याचे नाव, पत्ता, जन्मतारीख, पारपत्राचा क्रमांक, कोणत्या रात्री कोठे होता, सारे असते. मॅरियटने २०१६ साली स्टारवुड ही साखळी सुमारे तेरा अब्ज डॉलरांना घेतली, त्यात तिच्या पाहुण्यांची ही वहीदेखील आली. नोव्हेंबर २०१८ मध्ये उघड झाले की, २०१४ पासून कोणी चोर त्या वहीत शिरलेला होता. कंपनीच्याच हिशेबाप्रमाणे नोंदी अडतीस कोटींच्या घरात होत्या आणि पारपत्रांचे सुमारे बावन्न लक्ष क्रमांक उघड्या अक्षरांत पडलेले होते.

दोन वर्षांनी उरलेली पुस्तके पाहण्यासाठी आम्ही पुन्हा शिकागोस गेलो. भाच्याला म्हटले, “अरे, ह्या खेपेस तुझे पॉइंट तुझ्यापाशीच असू देत.” त्याने पाहिले तो, विमानतळाजवळचे तेच हॉटेल आता पूर्वीपेक्षा जास्त पॉइंट मागत होते. आम्ही ग्रंथालयाजवळच्या हॉटेलात रोख भरून उतरलो. चार दिवसांत सर्व पुस्तके पाहून झाली. निघताना काउंटरवरील मुलीने अदबीने विचारले, सभासद आहात का? नाही म्हणताच तिने एक अर्ज पुढे केला. गाडी सुटावयाची होती, वाद घालण्यास सवड नव्हती. आम्ही नाव-पत्ता लिहून दिला. त्या साखळीत आज आमच्या नावावर काही हजार पॉइंट आहेत.