हुबळीचे कैकाडी आणि मोजलेली फेरी

1920 साली बेल्जियममधील अँटवर्प येथे भरलेल्या ऑलिंपिक स्पर्धांसाठी हिंदुस्थानातून प्रथमच जो संघ रवाना झाला, त्यात धावण्याच्या शर्यतींकरिता चौघांची निवड झाली होती : बंगालचे बॅनर्जी 100 व 400 मीटर या अल्प पल्ल्याच्या शर्यतींसाठी, बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले आणि साताऱ्याचे दातार लांब पल्ल्याच्या शर्यतींसाठी, आणि हुबळीचे कैकाडी 5000 व 10,000 मीटरसाठी. संघात कुस्तीगीर दोनच होते, मुंबईचे नवले आणि कोल्हापूरचे शिंदे. बेळगाव, हुबळी, सातारा आणि कोल्हापूर ही चार गावे ज्या एका पट्ट्यात येतात, त्या पट्ट्याने देशाच्या पहिल्या ऑलिंपिक संघाला इतकी माणसे द्यावीत, याची दखल क्रीडेतिहासाने पुरेशी घेतलेली नाही. चौगुले यांचे नाव निदान बेळगावात तरी टिकून राहिले, परंतु कैकाडी यांचे नाव त्यांच्या स्वतःच्या गावातही क्वचितच घेतले जाते, ही खेदाची बाब आहे.

या निवडीचे मूळ पुण्यात होते. 1906 साली स्थापन झालेल्या डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांचे अध्यक्षपद दोराबजी टाटा यांच्याकडे होते. 1919 साली तेथील शर्यती पाहून, शास्त्रशुद्ध शिक्षणाचा स्पर्शही न झालेली शेतकरी कुटुंबांतील मुले अनवाणी पायांनी मोठमोठी अंतरे तोडतात आणि तीही परदेशी धावपटूंशी तुलना करता येईल अशा वेळात, या गोष्टीने ते प्रभावित झाले व निवडक धावपटूंना ऑलिंपिकला पाठविण्याची कल्पना त्यांनी मांडली. हुबळी आणि धारवाड त्या काळी मुंबई इलाख्याच्या दक्षिण भागात मोडत असत (1956 च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत ही गावे मुंबईच्याच प्रशासनाखाली होती), त्यामुळे पुण्याच्या मैदानापर्यंतची वाट येथील तरुणाला परकी नव्हती. सदर्न मराठा रेल्वेने पुणे, बेळगाव, धारवाड आणि हुबळी ही गावे एका रुळावर आणली होती, आणि त्याच रुळावरून नाटक मंडळ्या, गवई, पैलवान व धावपटू यांची ये-जा चाले.

धावण्याच्या शर्यतींचे जे वर्गीकरण आज रूढ आहे, त्यात 400 मीटरपर्यंतच्या शर्यती अल्प पल्ल्याच्या, 800 व 1500 मीटरच्या शर्यती मध्यम पल्ल्याच्या आणि 5000 मीटरपासून पुढच्या लांब पल्ल्याच्या मानतात. 3000 मीटर ही मध्यम व लांब पल्ल्यांच्या सीमेवरची शर्यत होय. अँटवर्पच्या संघातील नेमणुका या वर्गीकरणाशेजारी ठेवून पाहिल्या की एक उणीव नजरेत भरते : 400 मीटरसाठी धावपटू होता, 5000 पासून मॅरेथॉनपर्यंतच्या शर्यतींसाठीही होते, मात्र 800 आणि 1500 मीटरसाठी एकही नव्हता. त्याच ऑलिंपिकमध्ये इंग्लंडच्या आल्बर्ट हिल यांनी या दोन्ही शर्यती जिंकल्या, 800 मीटर 1 मिनिट 53.4 सेकंदांत आणि 1500 मीटर 4 मिनिटे 1.8 सेकंदांत.

हे आकडे उलगडून पाहण्याजोगे आहेत. चौगुले यांनी 42.75 किलोमीटरची मॅरेथॉन 2 तास 50 मिनिटे 45.4 सेकंदांत पुरी करून एकोणिसावा क्रमांक मिळवला. हा वेग किलोमीटरला सुमारे 4 मिनिटे, म्हणजे दर 400 मीटरला सुमारे 96 सेकंद एवढा पडतो आणि तो जवळजवळ तीन तास टिकवला गेला. कैकाडी ज्या 5000 मीटरसाठी निवडले गेले, ती शर्यत फ्रान्सच्या जोसेफ गिमो यांनी पाव्हो नुर्मी यांना मागे टाकून 14 मिनिटे 55.6 सेकंदांत जिंकली, म्हणजे दर 400 मीटरला सुमारे 72 सेकंद. हिल यांचा 1500 मीटरचा वेग दर 400 मीटरला 64.5 सेकंद होता. शहाण्णव, बाहत्तर आणि साडेचौसष्ट या आकड्यांमधील अंतर केवळ दमाने भरून निघत नाही. मध्यम पल्ल्यात धावपटूला पहिल्या फेरीतच श्वास कमी पडू लागेल असा वेग घ्यावा लागतो, आणि पाय जड झाल्यावर शेवटच्या 200 मीटरसाठी थोडी ताकद राखूनही ठेवावी लागते; पहिली फेरी दोन सेकंदांनी जास्त वेगात गेली तरी तिची किंमत शेवटच्या वळणावर चुकवावी लागते. अशी बारीक जाण यायला दोन गोष्टी लागतात, मोजून आखलेली गोल धावपट्टी आणि प्रत्येक फेरीला वेळ सांगणारा माणूस.

धारवाड भागात नेमक्या याच गोष्टी दुर्मीळ होत्या. हुबळी आणि धारवाड यांच्यामध्ये सुमारे वीस किलोमीटरचा रस्ता आहे, धारवाडची हवा थंड आणि जमीन तांबडी, तर हुबळीच्या पुढे पसरलेली कापसाची काळी माती पावसाळ्यात पायाला धरून ठेवणारी. अशा मुलखात माणूस गावाहून गावाला धावतो, गोल फिरत नाही. मोजलेले मैदान आले ते इंग्रजी शिक्षणसंस्थांबरोबर. धारवाडला 1917 साली कर्नाटक कॉलेज सुरू झाले, सदर्न मराठा रेल्वेच्या मुख्यालयाची भव्य इमारत पुढे त्याच्याकडे आली. आणि 1920 सालीच मद्रासला हॅरी क्रो बक यांनी शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय काढले, ज्यामुळे दक्षिणेत प्रशिक्षित क्रीडाशिक्षकांची परंपरा सुरू झाली. हा बदल धावण्याच्या शौकिनांच्या बोलण्यातही उमटल्यावाचून राहणारा नव्हता. रस्त्यावर धावणाऱ्याला ‘कुठवर गेलास?’ असे विचारले जाते, मैदानावर धावणाऱ्याला ‘पहिली फेरी कितीत घेतलीस?’ असे, आणि मध्यम पल्ल्याच्या धावपटूची निम्मी तयारी या दुसऱ्या प्रश्नावर मैदानाच्या कडेला बसून होणाऱ्या मोकळ्या चर्चेतच होते, कारण कोणाच्या मागे राहायचे, बाहेरच्या बाजूने केव्हा निघायचे, वाऱ्यात पुढे जायचे की नाही, हे पुस्तकापेक्षा शर्यत पाहिलेल्या माणसाकडून लवकर कळते.

या शर्यतींत भारताला जागतिक दर्जा गाठायला पुढे अर्धशतकाहून अधिक काळ लागला. 1976 साली माँट्रिआल ऑलिंपिकच्या 800 मीटरच्या अंतिम शर्यतीत लष्कराच्या श्रीराम सिंह यांनी पहिल्या फेरीत आघाडी घेतली, आल्बेर्तो ह्वांतोरेना यांनी ती शर्यत जागतिक विक्रमासह जिंकली, आणि सातव्या आलेल्या श्रीराम सिंह यांची 1 मिनिट 45.77 सेकंदांची वेळ 2018 पर्यंत राष्ट्रीय विक्रम म्हणून टिकली. दख्खनच्या वाट्याला असा धावपटू त्याहूनही उशिरा आला. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचे अविनाश साबळे हे कोरडवाहू भागातील गरीब कुटुंबातले, शाळेची लांब वाट पायी तुडवणारे, म्हणजे दोराबजी टाटांनी पुण्यात पाहिलेल्या मुलांच्याच जातकुळीतले. फरक इतकाच की त्यांना लष्करात मोजलेली धावपट्टी, प्रशिक्षक आणि घड्याळ मिळाले. 3000 मीटर स्टीपलचेस, म्हणजे 28 अडथळे आणि 7 पाण्याचे खड्डे ओलांडत धावण्याची शर्यत, त्यांनी 2024 साली पॅरिस येथील डायमंड लीग स्पर्धेत 8 मिनिटे 9.91 सेकंदांत पुरी केली. हा वेग दर 400 मीटरला सुमारे 65.3 सेकंद पडतो, म्हणजे ज्या वेगाने हिल यांनी अँटवर्पला सपाट धावपट्टीवर 1500 मीटर जिंकले होते, त्याच्या एका सेकंदाच्या आत, आणि तोही दुप्पट अंतरावर.