व्यापार

घरोघरी सुट्टीत मांडला जाणारा ‘व्यापार’ हा पटावरचा खेळ अमेरिकेतल्या ‘मोनॉपली’चा भाऊबंद. एलिझाबेथ मॅगी यांनी मूळ खेळाचे पेटंट 1904 मध्ये मिळवले. भाड्याने जमीनमालक कसा गबर होतो, हे दाखवणे हा त्यांचा हेतू. पार्कर ब्रदर्सने 1935 मध्ये ‘मोनॉपली’ बाजारात आणली, तोवर तो टीकेचा सूर विरला होता.

‘मोनॉपली’ ग्रीक आहे : एकट्याने विकणे. मराठीत त्याला ‘मक्तेदारी’ म्हणतात आणि तिच्यातला ‘मक्ता’ अरबीतून आला. खेळाला मात्र हे नाव चिकटले नाही, ते बरेच झाले. मक्ता घ्यायचा कुणी आणि दिवाळे कुणाचे, हे आधीच कळले असते!

‘व्यापार’ संस्कृत. अर्थ मुळात खरेदी-विक्री नव्हे, तर कामात गुंतलेले असणे. व्याकरणात क्रियापदाच्या क्रियेलाही व्यापार म्हणतात; ‘मनोव्यापार’ या शब्दात तो जुना अर्थ अजून टिकून आहे. इंग्रजी ‘बिझनेस’ही ‘बिझी’तूनच निघाला. हाच ‘व्यापार’ कन्नडमध्येही रुळलेला, त्यामुळे बेळगावच्या बाजारात या एका शब्दाला तरी दुभाषा लागत नाही.

बेळगावला खेटलेल्या कंग्राळी बुद्रुक आणि कंग्राळी खुर्द या गावांच्या नावांत फारसी आहे : बुद्रुक हे ‘बुजुर्ग’चे रूप, म्हणजे थोरला; खुर्द म्हणजे धाकटा. तिथल्या पोरांनी पट मांडला, तर दिल्ली-मुंबई विकत घेण्याची बोलणी मराठीत होतात. घरे झाली की हॉटेल, आणि भाडे रोख!