गोळी, साचा आणि नळीचे माप

बंदूक हा शब्द आपल्याकडे अरबी-फारसीच्या वाटेने आला. अरबीत ‘बुंदुक’ म्हणजे कठीण कवचाचे एक लहान फळ. त्यावरून गोळीला ते नाव पडले आणि गोळीवरून हत्याराला. काडतूस आणि पिस्तूल हे शब्द पोर्तुगीजांनी दिले, तोफ तुर्कांकडून आली. शिसे मात्र जुने, संस्कृतातले. एकाच हत्याराच्या पोटात एवढ्या भाषा नांदतात. पण नावाचा मान मुळात गोळीचा होता, नळीचा नव्हे, ही गोष्ट आजच्या विषयासाठी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. गोळी आणि नळी यांचे माप जुळवायचे कसे, हा तो विषय. दिसायला कारागिराचा, पण त्याने राज्ये हलवली आहेत.

शिसे सुमारे ३२७ अंश सेल्सियसला वितळते, म्हणजे साध्या चुलीवरही. त्यामुळे गोळी ओतणे हे फार मोठ्या कारखान्याचे काम कधीच नव्हते. पळीत शिसे वितळवायचे, दोन पाखांच्या चिमट्यासारख्या साच्यात ओतायचे, थंड झाले की साचा उघडायचा, वरचा देठ छाटायचा. जुन्या काळी बंदुकीबरोबर तिचा साचाही मिळे, कारण हाताने घडवलेल्या दोन नळ्या कधी तंतोतंत सारख्या नसत. जिची गोळी तिलाच. शेतात जागलीला जाणाऱ्या माणसाच्या हातातली, रानडुकरे आणि रोही हाकलणारी ठासणीची बंदूक याच जातीची.

फौजेचे गणित वेगळे होते. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आपल्या अकोला जिल्ह्यातल्या अडगावला ऑर्थर वेलस्ली आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजांची लढाई झाली आणि १५ डिसेंबरला गाविलगड पडला. कंपनीच्या पायदळाच्या हातात तेव्हा ‘ब्राऊन बेस’ ही गुळगुळीत नळीची बंदूक होती. नळी सुमारे ०.७५ इंच, गोळी सुमारे ०.६९ इंच. गोळी मुद्दामच सैल ठेवलेली. काळ्या दारूची काजळी चार-सहा बारांतच नळीत साचे. घट्ट गोळी अडकली असती आणि शत्रू समोर असताना शिपाई गज ठोकीत बसला असता. सैल गोळी झटकन उतरे. पण शंभर यार्डांपलीकडे ती कोणाला लागेल याचा भरवसा नसे. वेग हवा की नेम, यातून फौजेने वेग निवडला होता.

दोन्ही हवे असतील तर काय करायचे, याचे उत्तर १८४९ मध्ये फ्रान्सच्या मिनिए या अधिकाऱ्याच्या गोळीने दिले. गोळी लांबट, बूड पोकळ. आत जाताना सैल. बार उडाला की मऊ शिसे फुगून नळीतल्या पिळांत घट्ट बसे. याच तत्त्वावर इंग्रजांची १८५३ ची एनफिल्ड रायफल तयार झाली. नळी ०.५७७ इंच, गोळी ०.५६८ इंच. मधली फट भरायला काडतुसाचा कागद, आणि तो कागद सरकावा म्हणून वर चिकणाई.

पुढचे आपल्याला ठाऊक आहे, पण बहुधा अर्धेच. गाय आणि डुक्कर यांच्या चरबीची वार्ता १८५७ च्या जानेवारीत पसरली, तेव्हा सरकारने हालचाल केलीच नाही असे नाही. काडतुसे बिनचिकणाईची द्यावीत, शिपायांनी आपल्या पसंतीची चिकणाई लावावी, असा हुकूम त्याच महिन्यात निघाला. दाताने तोडण्याऐवजी हाताने कागद फाडायची कवायतही आली. पण वेळ गेली होती. चरबी नव्हती तर बदलता का, आणि बदलता तर आधी होती का, हा शिपायाचा प्रश्न होता आणि त्याला कागदावर उत्तर नव्हते. २४ एप्रिलला मेरठच्या कवायतीत नव्वदांपैकी पंच्याऐंशी स्वारांनी काडतुसे नाकारली. ती तर जुन्या, ओळखीच्या पद्धतीची होती! नाकारणाऱ्यांत हिंदू होते तसे मुसलमानही होते. ९ मे रोजी त्यांच्या पायांत बेड्या पडल्या आणि १० मे रोजी मेरठ उठले.

गंमत अशी की, हिंदुस्थानच्या उन्हात ते काडतूस खुद्द गोऱ्या सैनिकांनाही छळत होते. चिकणाई वितळे, काजळी घट्ट होई, गोळी उतरेना. म्हणून १८५९ मध्ये गोळी ०.५५ इंचावर आणली आणि चरबीऐवजी शुद्ध मेण आले. म्हणजे कारागिरीच्या दृष्टीनेही मेणच योग्य होते. हे शहाणपण दोन वर्षे आधी आले असते तर उठाव टळला असता, असे मी म्हणणार नाही; त्याची कारणे जमिनीत, संस्थानांत आणि पगारात खोल गेलेली होती. पण ठिणगी मापाच्या फटीतून पडली, हे खरे.

उठाव मोडल्यावर सरकारने काय केले? हिंदी शिपायांसाठी बंदूक काढली ती १८५८ ची: बाहेरून एनफिल्डसारखी, पण नळी ०.६५६ इंचांची आणि आतून गुळगुळीत. नेम काढून घेतला! पुढे इंग्रज सैनिकाला १८६६ ची स्नायडर मिळाली, नंतर १८७१ ची मार्टिनी-हेन्री. हिंदी पलटणी एक पिढी मागेच राहिल्या. १८७८ च्या हत्यार कायद्याने नागरिकांवर परवान्याचे बंधन आले आणि युरोपियन त्यातून सुटले. १८८७ मध्ये मद्रासला बदरुद्दीन तय्यबजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे तिसरे अधिवेशन भरले, तेव्हा या कायद्यात बदल मागणारा ठराव झाला, तो या भेदामुळेच.

दरम्यान काडतूस बदलले होते. कागद जाऊन पितळ आले. मार्टिनीची गोळी बारा भाग शिसे आणि एक भाग कथील यांची, वजन ४८० ग्रेन, भोवती कागदाचा वेढा. पहिली पुंगळी पातळ पितळी पत्र्याची गुंडाळी होती. ती अडके, फाटे. मग एकसंध ओढीव पितळेची पुंगळी आली आणि तिच्यामुळे नवा उद्योग शक्य झाला: उडालेली पुंगळी पुन्हा भरणे. बार उडाला की पितळ फुगते. ते पोलादी डायमध्ये दाबून पूर्वीच्या मापावर आणायचे, जुनी टोपी काढून नवी बसवायची, दारू भरायची, वर गोळी. अमेरिकेत १८८४ पासून जॉन बार्लो यांच्या ‘आयडियल’ कंपनीने यासाठी अडकित्त्यासारखे हातातले अवजार विकायला आणले.

इथे पुन्हा तोच मापाचा प्रश्न येतो. बिनधुराची दारू आली, गोळीचा वेग वाढला, मऊ शिसे नळीत चोपडू लागले, म्हणून गोळीवर तांब्या-निकेलचे कवच चढले. आजचे बहुतेक डाय या कवचाच्या गोळीसाठी आखलेले असतात. ते पुंगळीचे तोंड आवळून ठेवतात. ओतीव शिशाची गोळी मात्र नळीच्या पिळांच्या मापापेक्षा इंचाचा एक-दोन हजारांश भाग जाड लागते, नाहीतर बारातला वायू बाजूने निसटतो आणि शिसे वितळवतो. अशी गोळी आवळ तोंडात घुसवली की ती सोलली जाते आणि मापाला उतरते. साच्यात घेतलेली मेहनत तिथेच वाया. म्हणून जुन्या काडतुसांचे शौकीन तोंड आधी पुरेसे रुंदावणारा, कडेला किंचित उमलवणारा वेगळा डाय निवडतात. लायमन कंपनीचा ‘एम’ डाय याच कामासाठी ओळखला जातो. पण डायच्याही आधी ते मऊ शिशाचा तुकडा नळीतून ठोकून बाहेर काढतात आणि तो मोजतात. शिक्क्यावरचे माप काहीही सांगो, जुनी नळी स्वतःचेच माप सांगते. आधी नळी, मग साचा, मग डाय. हा क्रम उलटला की बार फुसका.

आपल्याकडे हा घरगुती छंद झाला नाही. १९५९ च्या हत्यार कायद्याप्रमाणे दारूगोळा तयार करायला परवाना लागतो आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीचा जमाना संपला. दोन्ही गोष्टी चांगल्याच झाल्या. काडतूस ही कारखान्याची वस्तू राहिली. खडकीचा कारखाना १८६९ चा. आपल्या चांदूर रेल्वेवरून मुंबईकडे जाणारी गाडी भुसावळला थांबते. तिथून जवळच वरणगावला १९६४ चा कारखाना आहे. २०२१ पासून हे दोन्ही ‘म्युनिशन्स इंडिया’ या सरकारी कंपनीकडे आहेत.

कवीला गोळ्यांचे काय, असे कोणी विचारील. कवीचे काम शब्द बसवण्याचे, आणि शब्दही सैल पडला की चुकतो, फार आवळला की सोलवटतो. पण त्याहून मोठी गोष्ट १८५७ शिकवते. वूलविचच्या तज्ज्ञांनी नळी इंचाच्या हजारांशापर्यंत मोजली होती. ज्याच्या दातांत ते काडतूस जायचे होते, त्या माणसाला मात्र कोणी विचारले नव्हते. आजही साहेबांच्या टेबलावर माणसांसाठी योजना आखल्या जातात, तेव्हा साचा आधी तयार होतो आणि माणसाचे माप नंतर घेतले जाते. चुलीवर शिसे वितळवणाऱ्या साध्या कारागिराला जे कळत होते, ते राज्यकर्त्यांना कळायला एवढा उशीर का लागावा?