बँकेचा शेअर आणि तारणाची रद्दी

कारखान्याचा शेअर जोखताना खेळते भांडवल पाहतात. बँकेला ते माप लागत नाही. ठेवी हे तिचे देणे आणि कर्जे ही तिची मुख्य मालमत्ता. पाहायचे ते कर्ज कोणाला, कशाच्या तारणावर दिले आणि बुडाले तर सोसायला स्वतःचे भांडवल किती.

हे न पाहिल्यास काय होते, ते मुंबईत दिसले. 1840 साली सुरू झालेल्या बँक ऑफ बॉम्बेला 1863 च्या कायद्याने शेअरच्या तारणावर कर्ज देण्याची मोकळीक मिळाली. अमेरिकी यादवीमुळे कापसाचा भाव चढलेला, शहरात पैसा खुळखुळत होता आणि शेअरदलाल प्रेमचंद रायचंद यांचे बँकेत चांगलेच वजन होते. समुद्र हटवून जमीन करू पाहणाऱ्या बॅक बे भरावासारख्या कंपन्यांचे कागद ठेवून कर्जे वाटली गेली. तारणाचा आणि कर्जदाराच्या ऐपतीचा आधार एकच, शेअरबाजार! 1865 मध्ये युद्ध संपले, कापूस कोसळला, तारणाची रद्दी झाली. 1868 मध्ये बँक गुंडाळली गेली. त्याच नावाची नवी बँक लगेच उभी राहिली.

बँकांच्या नफ्याच्या आकड्यात लपलेली अशी बुडीत कर्जे भारतात उघड्यावर यायला मात्र बँक सुधारणांसाठीची 1991 ची नरसिंहम समिती यावी लागली. तिच्या शिफारशींनंतर थकीत कर्जांची वर्गवारी, त्यांसाठीची तरतूद आणि भांडवल पर्याप्ततेचे, म्हणजे जोखमीच्या मानाने स्वतःच्या भांडवलाचे, प्रमाण ताळेबंदात दिसू लागले.