वेळ पाळणारे वादळ : तिवी बेटांवरील ‘हेक्टर’चा इतिहास

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकावरील डार्विन शहरापासून समुद्रमार्गे सुमारे ८० किलोमीटर उत्तरेला तिवी बेटे आहेत. मेलव्हिल आणि बॅथर्स्ट ही त्यांतील दोन मोठी बेटे. त्यांच्यामधली ॲप्सली सामुद्रधुनी इतकी चिंचोळी आहे की नकाशावर दोन्ही बेटे मिळून एकच भूभाग भासतो. या भूभागाची पूर्व-पश्चिम लांबी सुमारे १५० किलोमीटर. बेटांवर डोंगर नाहीत. सर्वांत उंच जागाही समुद्रसपाटीपासून शंभर-सव्वाशे मीटरच्या आसपास. दक्षिण गोलार्धात असल्यामुळे इथला उन्हाळा महाराष्ट्रात दिवाळीची थंडी पडू लागते त्या सुमारास चढतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पारा ३३-३४ अंशांवर थांबतो, पण दमट हवेत घाम वाळत नाही आणि काहिली असह्य होते. या दिवसांत बेटांवर जवळजवळ रोज दुपारी एक प्रचंड गडगडाटी ढग उभा राहतो. जगभरचे हवामानशास्त्रज्ञ त्याला ‘हेक्टर’ या नावाने ओळखतात. वादळाला नाव देण्याची रीत जुनी आहे. परंतु ही नावे एकदाच येऊन जाणाऱ्या चक्रीवादळांना मिळतात. रोज नव्याने जन्मणाऱ्या ढगाला कायमचे नाव मिळाले, ते तो जागा आणि वेळ सोडत नाही म्हणून.

या ढगाशी सर्वांत जुनी ओळख अर्थातच तिवी लोकांची. हिमयुग संपल्यावर समुद्राची पातळी वाढली आणि ही बेटे मुख्य भूमीपासून तुटली. त्यानंतर हजारो वर्षे तिवी समाज बराचसा एकटा राहिला. त्याची भाषाही शेजारच्या मुख्य भूमीवरील भाषांहून वेगळी आहे. तिवी कालगणनेत वर्षाचे तीन मुख्य ऋतू आहेत. मार्च ते ऑगस्ट हा ‘कुमुनुपुनारी’, म्हणजे कोरड्या हवेचा, वणव्यांचा आणि धुराचा काळ. सप्टेंबर ते नोव्हेंबर हा ‘तियारी’, उकाड्याचा आणि दमटपणाचा. डिसेंबर ते फेब्रुवारी हा ‘जामुताकारी’, पावसाचा. या तिघांत मिसळणारे आणखी तेरा लहान ऋतू आहेत. त्यांची नावे पंचांगातून नव्हे, पायाखालच्या जमिनीवरून आणि कानांवर येणाऱ्या आवाजांवरून पडली आहेत : तापलेल्या मातीने पाय पोळण्याचा काळ, गडगडाटाचा काळ, चिखलात पोसम या प्राण्याची पावले उमटण्याचा काळ. आपल्याकडे मृग, आर्द्रा ही नक्षत्रे शेतकऱ्याला जे सांगतात, तेच हे लहान ऋतू तिवी शिकाऱ्याला आणि कंद खणणाऱ्या स्त्रियांना सांगत आले.

पावसाळा ओसरू लागला की तिवी लोकांचा ‘कुलामा’ हा मोठा विधी होतो. तो एका जंगली कंदाभोवती गुंफलेला आहे. हा कंद कच्चा खाल्ला तर बाधतो, म्हणून तो भाजून, पाण्यात भिजवून खाण्यायोग्य करावा लागतो. विधीची वेळ जवळ आल्याची खूण म्हणजे चंद्राभोवतीचे कडे. मराठी मुलखात चंद्राला खळे पडले की पावसाचा अंदाज बांधतात. तिवी बेटांवर तेच खळे पावसाळा सरत आल्याचे सांगते.

युरोपीय खलाशांना ही बेटे दिसली, पण त्यांचे स्वरूप उमगायला वेळ लागला. १६४४ मध्ये आबेल तास्मान या किनाऱ्याजवळून गेला. १७०५ मध्ये मार्टेन व्हान डेल्फ्टच्या नेतृत्वाखाली डच जहाजांनी इथे पाहणी केली. मात्र हा भाग मुख्य भूमीपासून वेगळा आहे आणि त्यात दोन बेटे आहेत, हे १८१८ मध्ये फिलिप पार्कर किंग या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने किनाऱ्याचे सर्वेक्षण केले तेव्हा नक्की झाले. बेटांना ब्रिटिश मंत्र्यांची नावे त्यानेच दिली.

किंगच्या नकाशामागोमाग वसाहत आली. सप्टेंबर १८२४ मध्ये कॅप्टन गॉर्डन ब्रेमर सैनिक आणि कैदी घेऊन मेलव्हिल बेटावर उतरला आणि ॲप्सली सामुद्रधुनीच्या काठी फोर्ट डंडास उभारू लागला. उत्तर ऑस्ट्रेलियातील ही पहिली ब्रिटिश वसाहत. तिची सुरुवातच तियारीच्या तोंडावर झाली. लाकूडतोड, खंदक आणि कोठारे बांधण्याचे काम वर्षातल्या सर्वांत कडक उकाड्यात आणि त्यामागून येणाऱ्या पावसात करावे लागले. तापाने आणि स्कर्व्हीने माणसे आजारी पडत राहिली, पिके नीट आली नाहीत आणि तिवी योद्ध्यांशी चकमकी होत राहिल्या.

वसाहतीचा व्यापारी हिशेबही चुकला आणि त्याला वारा कारणीभूत होता. सुलावेसीतील मकासर बंदरातून समुद्रकाकडी गोळा करणाऱ्यांच्या होड्या डिसेंबरच्या सुमारास वायव्य मोसमी वाऱ्यांबरोबर उत्तर ऑस्ट्रेलियाला येत आणि आग्नेय वारे सुरू झाले की परतत. या लोकांशी व्यापार करून मलाया द्वीपसमूहात शिरकाव करावा, असा ब्रिटिशांचा बेत होता. पण त्या होड्यांचा नेहमीचा मार्ग आणखी पूर्वेच्या किनाऱ्याकडे जात असे. मेलव्हिल बेटावर गिऱ्हाईक आलेच नाही. १८२९ मध्ये फोर्ट डंडास सोडून देण्यात आला. तिमोरहून आणलेल्या पाणम्हशी मात्र मागे राहिल्या. त्या बेटावर वाढल्या, आणि पुढे शतकाच्या अखेरीस त्यांच्या कातड्यासाठी शिकारी इथे आले.

यानंतर बेटांवर बाहेरच्यांची कायम वस्ती झाली ती १९११ मध्ये, फ्रान्सिस झेव्हिअर ग्सेल या कॅथलिक धर्मगुरूने बॅथर्स्ट बेटावर मिशन स्थापले तेव्हा. १९ फेब्रुवारी १९४२ रोजी डार्विनवर झालेल्या जपानी हवाई हल्ल्याची पहिली सूचना याच मिशनमधून बिनतारी संदेशाने गेली होती. डार्विनमध्ये तिच्याकडे वेळेत लक्ष दिले गेले नाही. त्या युद्धकाळात डार्विनच्या आकाशात विमानांची वर्दळ वाढली. दुपारी उत्तरेला उभा राहणारा ढग वैमानिकांना दूरवरून दिसे आणि दिशा ओळखण्यासाठी दीपस्तंभासारखा उपयोगी पडे. ‘हेक्टर’ हे नाव त्यांनीच रूढ केले, असे सांगितले जाते. वैमानिकांची खूण पुढे शास्त्रज्ञांची प्रयोगशाळा झाली.

इंडोनेशिया, न्यू गिनी आणि उत्तर ऑस्ट्रेलियाच्या पट्ट्यात समुद्र आणि बेटे एकमेकांत मिसळलेली आहेत. इथले ढग पृथ्वीच्या वातावरणाला प्रचंड उष्णता पुरवतात. १९६८ मध्ये कॉलिन रॅमेज या हवामानशास्त्रज्ञाने या प्रदेशाला ‘सागरी खंड’ म्हटले आणि तो शब्द शास्त्रात रुळला. रॅमेजचा मुंबईशी जवळचा संबंध होता. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेसाठी १९६३ मध्ये मुंबईत उघडलेल्या आंतरराष्ट्रीय हवामान केंद्राचे संचालन त्याच्याकडे होते.

या पट्ट्यातील बहुतेक बेटे डोंगराळ आहेत. तिथे ढग उन्हामुळे वाढला की डोंगरामुळे, हे वेगळे काढणे अवघड. तिवी बेटे सपाट, ढग रोजचा आणि जवळच डार्विनमध्ये रडार व विमानतळ. १९८८ मध्ये इथे पहिला मोठा प्रयोग झाला. नोव्हेंबर-डिसेंबर १९९५ मधील दुसऱ्या मोहिमेत रडार, विमाने आणि जमिनीवरील उपकरणे लावून ढगाचा जन्म टप्प्याटप्प्याने नोंदवण्यात आला.

त्यातून हेक्टरची दिनचर्या स्पष्ट झाली. सकाळी आकाश बहुधा मोकळे असते. ऊन चढते तशी जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते आणि सर्व किनाऱ्यांवरून खारे वारे आत शिरतात. त्यांच्या आघाडीवर दुपारपूर्वीच लहान ढग आणि सरी तयार होतात. काही दिवशी उत्तर आणि दक्षिण किनाऱ्यांवरचे वारे बेटाच्या मध्यावर भिडतात आणि त्या टकरीतून मोठा ढग उठतो. परंतु बहुतेक दिवशी घडते ते वेगळेच. पहिल्या सरींमुळे थंड झालेली जड हवा खाली येऊन जमिनीवर पसरते आणि समोरची उष्ण, दमट हवा उचलून धरते. तिथे नव्या सरी येतात, पुन्हा थंड हवा पसरते. अशा अनेक सरी एकमेकींत मिसळून दुपारी दोन-तीनच्या सुमारास एकच महाकाय ढग बनतो. त्याचा ऐरणीसारखा माथा १८ ते २० किलोमीटर उंचीपर्यंत पोहोचतो. संध्याकाळी जमीन निवते आणि ढग विरतो.

महाराष्ट्रात एप्रिल-मेमध्ये येणारा वळीवही दुपारच्या तापातून आणि ओलाव्यातूनच जन्मतो. पण वळीव कोणत्या गावावर कोसळेल ते सांगता येत नाही. हेक्टरची जागा बेटांचा किनाराच ठरवून देतो. त्याची सुट्टीही ठरलेली आहे. वायव्य मोसमी पाऊस जोरात असतो तेव्हा ढगांच्या आच्छादनामुळे जमीन तापत नाही, संथ पाऊस दिवसभर पडतो आणि हेक्टर दिसत नाही. मोसमी पावसाने उघडीप दिली की तो परततो. म्हणून तो मुख्यतः पावसाळ्याच्या आधी, उघडीपीत आणि शेवटी भेटतो.

एकविसाव्या शतकात लक्ष ढगाच्या माथ्याकडे वळले. २००५ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये युरोपीय शास्त्रज्ञांनी सुमारे २० किलोमीटर उंचीवर उडणारे ‘जिओफिझिका’ हे रशियन विमान डार्विनला आणले. ३० नोव्हेंबरच्या हेक्टरने बर्फाचे कण तपांबराची सीमा ओलांडून थेट स्थितांबरात फेकल्याचे मोजमापांतून दिसले. अतिशय कोरड्या अशा त्या थरात पाण्याची वाफ कुठून येते, या प्रश्नाशी ही गोष्ट जोडलेली आहे. २०१५ मध्ये फ्रेंच संशोधकांनी त्याच दिवसाचा हेक्टर संगणकावर पुन्हा उभा केला. त्यासाठी आकाशाचे सुमारे १०० मीटर रुंदीच्या चौकटींत विभाजन केले होते आणि गणिताच्या बिंदूंची संख्या एक अब्जाहून अधिक होती.

ऑस्ट्रेलियाच्या हवामान खात्याने या मोहिमांत भाग घेतला, आणि आदिवासी समाजांच्या हवामानज्ञानाची नोंद करताना तिवी ऋतुचक्रही प्रसिद्ध केले. तीन मुख्य आणि तेरा लहान ऋतूंच्या त्या यादीत गडगडाटाचा काळ स्वतंत्र ऋतू म्हणून नोंदलेला आहे.