पारितोषिक मुलाचे, स्वप्न कोणाचे?

१/ दहावीला संस्कृतात अव्वल येणाऱ्यांना जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळते. ‘आमच्या मुलाला शंकरशेट मिळावी’ ही आस कित्येक मराठी घरांनी बाळगली. ज्यांच्या नावाची ही शिष्यवृत्ती, ते नाना ठाणे जिल्ह्यातील मुरबाडचे. जन्म १० फेब्रुवारी १८०३. त्यांनी स्वतः मात्र मॅट्रिकची परीक्षा कधीच दिली नव्हती.

२/ देणार तरी कशी? मुंबई विद्यापीठ १८५७ चे, मॅट्रिकची पहिली परीक्षा १८५९ ची. रानडे आणि भांडारकर त्या पहिल्या तुकडीतले. नाना धनाढ्य व्यापारी घराण्याचे वारस होते. पत आणि मान त्यांना वडिलांकडून लाभला.

३/ परीक्षेने हा प्रवाह उलटा फिरवला. पूर्वी वतन, पेढी आणि प्रतिष्ठा बापाकडून मुलाकडे येई. आता सरकारी नोकरीचे दार परीक्षेने उघडू लागले आणि मुलाच्या गुणांवर घराची प्रतिष्ठा ठरू लागली. आई-वडिलांची अपुरी स्वप्ने मुलांच्या दप्तरात शिरली, ती याच काळात.

४/ गोखले घराणे पाहा. १८७९ मध्ये वडील वारले. थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यांतले आठ रुपये ते धाकट्या गोपाळच्या शिक्षणासाठी पाठवीत. एकाने सोडलेली वाट दुसऱ्याने चालायची होती. १८८४ मध्ये गोपाळ बी. ए. झाला.

५/ आता भरपूर कमाई व्हावी, अशी घराची अपेक्षा असणे स्वाभाविक होते. गोपाळरावांनी शिक्षकाचा पेशा पत्करला. १८८६ मध्ये अल्प वेतनावर वीस वर्षे सेवा करण्याच्या बोलीवर ते डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य झाले. भावाच्या त्यागावर उभे राहूनही त्यांनी आयुष्य स्वतःच निवडले.

६/ दुसरे उदाहरण कोशकार वामन शिवराम आपटे यांचे. बालपणीच आई-वडिलांचे छत्र हरपले. कोल्हापूरच्या राजाराम हायस्कूलचे मुख्याध्यापक महादेव मोरेश्वर कुंटे यांनी या मुलाची बुद्धी हेरली. १८७३ मध्ये आपट्यांनी मॅट्रिकला हीच शंकरशेट शिष्यवृत्ती पटकावली. कोणा बापाची इच्छा त्यामागे नव्हती. होती ती भाषेची ओढ. त्याच ओढीतून पुढे त्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश साकारला.

७/ पुढे १९१२ मध्ये चिंतामणराव देशमुख मॅट्रिकला पहिले आले आणि त्यांनीही हीच शिष्यवृत्ती मिळवली. अशा यशोगाथा घरोघरी सांगितल्या जाऊ लागल्या. गुणवत्ता यादीच्या काळात वृत्तपत्रांत छायाचित्र येई: मधे मूल, दोन्ही बाजूंनी पेढा भरवणारे आई-वडील. त्या चौकटीत नेमके कोण उत्तीर्ण झाले, हे सांगणे अवघड.

८/ शहापूर-मुरबाडच्या ज्या घरांत शाळा अर्धवट सुटलेली एक पिढी आहे, तिथे मुलाने पुढे जावे ही इच्छा दोषास्पद मुळीच नाही. गोविंदरावांनी आठ रुपये पाठवले नसते, तर गोखले घडले नसते. पण पैसे पाठवणे वेगळे आणि मुलाने कोण व्हावे हे ठरवणे वेगळे. इतिहासाने पहिल्या गोष्टीचे ऋण मानले आहे. दुसरीची किंमत मात्र कोणत्याही गुणपत्रिकेवर नोंदलेली नसते.