श्रोणीतील मृदू ऊतींच्या गाठी : उपचारांची वाटचाल

श्रोणी म्हणजे कमरेच्या हाडांचे कडे. मूत्राशय, गुदाशय, स्त्रियांचे गर्भाशय, पायाकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या आणि नसा या कड्यात दाटीवाटीने बसलेल्या असतात. त्यांच्या आसपासच्या स्नायूंत, चरबीत किंवा तंतुमय ऊतींत उद्भवणाऱ्या गाठींना मृदू ऊतींच्या गाठी म्हणतात. त्यांतील कर्करोगी गाठी म्हणजे सार्कोमा. गाठ खोलवर असल्याने बरेच दिवस हाताला लागत नाही. लघवी अडणे, बद्धकोष्ठता, पायात कळ येणे अशा तक्रारी सुरू होईपर्यंत ती बरीच वाढलेली असते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शल्यविशारदांकडे यावर एकच उपाय होता : गाठीसह श्रोणीचा अर्धा भाग आणि त्या बाजूचा संपूर्ण पाय काढून टाकणे. १८९१ मध्ये व्हिएन्नाच्या थिओडोर बिलरोथ यांनी ही शस्त्रक्रिया केली. रुग्ण वाचला नाही. १८९५ मध्ये स्वित्झर्लंडच्या चार्ल्स गिरार्ड यांचा रुग्ण वाचला. या शस्त्रक्रियेत पुढे जघनास्थींचा सांधा आणि मागे त्रिकास्थी आणि कमरेचे हाड यांच्यातला सांधा सोडवतात, मोठ्या रक्तवाहिन्या बांधतात आणि नितंबाची कातडी पुढे ओढून जखम झाकतात. रक्तगटांचा शोध १९०१ चा, त्याआधी रक्त सुरक्षितपणे चढवता येत नसे. त्यामुळे आरंभीच्या काळात रक्तस्रावाने आणि शॉकने अनेक रुग्ण दगावत. पुढे १९३५ मध्ये लंडनच्या गॉर्डन-टेलर यांनी फिलिप वाइल्स यांच्यासह या शस्त्रक्रियेवर निबंध प्रसिद्ध केला आणि नंतरच्या काळात ती अनेकदा केली. रक्त चढवण्याची सोय, सुधारलेली भूल आणि प्रतिजैविके यांमुळे रुग्ण जगू लागले. पण एवढे अवयव गमावूनही काहींच्या फुप्फुसांत रोग पसरतच राहिला.

गाठ नेमकी कुठवर आहे हे शस्त्रक्रियेपूर्वी दिसू लागले ते १९७० च्या दशकातील सीटी स्कॅनमुळे आणि पुढच्या दशकातील एमआरआयमुळे. याच सुमारास फ्लोरिडातील विल्यम एनेकिंग यांनी गाठीच्या कडेचा नीट विचार मांडला. सार्कोमाभोवती एक कवच दिसते. शल्यविशारदाला वाटते, गाठ सहज सुटून येईल. प्रत्यक्षात ते कवच दाबल्या गेलेल्या ऊतींचे असते आणि त्यात व त्याच्या पलीकडेही कर्कपेशी असतात. कवचातून सोलून काढलेली गाठ म्हणूनच पुन्हा उगवते. गाठीभोवती निरोगी ऊतींचा थर ठेवून ती अखंड काढणे, हे सूत्र त्यातून रूढ झाले.

अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील स्टीव्हन रोझेनबर्ग यांनी १९८२ मध्ये हातापायांच्या सार्कोमाच्या ४३ रुग्णांवरील चाचणी प्रसिद्ध केली. २७ जणांचा अवयव राखून किरणोपचार दिले, १६ जणांचा अवयव कापला. अवयव राखलेल्यांपैकी चौघांत गाठ जागेवर परतली, तरी जगण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक नव्हता. अवयव राखण्याचा विचार श्रोणीतही बळावला, मात्र तिथे आतडी जवळ असल्याने किरणांची मात्रा मनासारखी वाढवता येत नाही. पोटामागील पोकळीच्या सार्कोमावरील, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या २६६ रुग्णांच्या चाचणीत शस्त्रक्रियेपूर्वीच्या किरणोपचारांचा एकंदरीत फायदा दिसला नाही.

गाठीचा प्रकार ओळखू लागल्यावर उपचारही वेगळे झाले. १९८३ मध्ये स्टीपर आणि रोसाई यांनी प्रामुख्याने स्त्रियांच्या श्रोणीत होणाऱ्या ॲग्रेसिव्ह अँजिओमिक्सोमाचे वर्णन केले. ही गाठ परतते, पण क्वचितच इतरत्र पसरते. त्यामुळे तिच्यासाठी अवयव बळी देणे आता टाळले जाते. गुदाशयात जिस्ट नावाची, पचनमार्गाच्या भिंतीत उद्भवणारी गाठही होते. इमॅटिनिब हे औषध २००० मध्ये हेलसिंकी येथे जिस्टच्या रुग्णाला प्रथम देण्यात आले. या औषधाने गाठ आकसली की गुदद्वाराचा स्नायू राखता येण्याची शक्यता वाढते. डेस्मॉइड या तंतुमय ऊतींच्या, इतरत्र न पसरणाऱ्या गाठीच्या अनेक रुग्णांना आज लगेच शस्त्रक्रिया न करता देखरेखीखाली ठेवतात.

या सव्वाशे वर्षांत शस्त्रक्रियेचा आवाका लहान झाला आणि तिच्याआधीची तयारी वाढली. गाठीचा प्रकार, तिची आक्रमकता, आकार आणि पहिल्याच शस्त्रक्रियेत मिळालेली निर्भेळ कड यांवर आजही निकाल ठरतो. म्हणून श्रोणीत खोलवर गाठ आढळल्यास आधी एमआरआय, मग सुईने घेतलेला तुकडा तपासणे आणि त्यानंतरच अनुभवी चमूकडून शस्त्रक्रिया, हा क्रम पाळावा.